एक गाडी लाल माती

फक्कीमामा मैदानात चप्पल घालून कधी शिरले नाहीत. फाटकाशी चपला काढायच्या, भिंतीला जोडीने टेकवून ठेवायच्या आणि अनवाणी आत जायचं. देवळात जाणारा माणूसही इतक्या मनापासून चपला काढत नाही, त्याचं निम्मं लक्ष त्या चोरीला जाण्याकडे असतं. मामा मागे वळूनसुद्धा बघत नसत. रोज सकाळी सहाला ते या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत ओळी धरून अख्खं मैदान चालून काढत. पायाला काच लागली, खडा लागला, कोणा रिकामटेकड्याने टाकलेलं बाटलीचं बूच लागलं, की वाकून उचलायचं आणि खिशात टाकायचं. सगळं चालून झालं की मगच ते फाटक उघडत किंवा उघडत नसत. वरून कोरडं ठणठणीत दिसणारं मैदान बंद का, असं कोणी तावातावाने विचारलं तर म्हणत, "डोळ्यांना काय कळतं? आतून ओलं हाय. पाय सांगतात."

मामांचं खरं नाव कुठल्यातरी हजेरीपटावर असेल. आमच्यासाठी ते फक्कीमामा. मैदानावर रेघा आखायची ती पांढरी भुकटी, फक्की, त्यांच्या नखांत, भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर कायम असे. तळाला भोकं पाडलेला एक पत्र्याचा डबा, दोन खिळे आणि सुतळीचं बंडल एवढंच त्यांचं हत्यार. सुतळी ताणायची, एक डोळा मिटून बघायचं, पुन्हा सैल करायची, पुन्हा ताणायची. हे पाहताना आमच्यासारख्या घड्याळावर जगणाऱ्यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा मी म्हटलंही, "मामा, मुलंच खेळणार आहेत, इंचभर इकडेतिकडे झालं तर काय बिघडतंय?" त्यांनी सुतळी हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, रेघ वाकडी असली तर भांडन रेघेवरून होतं. खेळ राहतो बाजूला." आमच्या सोसायटीतली पार्किंगची भांडणं मला आठवली.

मामा मूळचे आगाशीच्या पलीकडचे, खाडीकाठच्या गावातले. तरुणपणी मिठागरावर होते. मिठागराची जमीन आधी पाणी सोडून, मग पायांनी तुडवून आणि शेवटी फळीने चोपून तयार करतात, तिला भेग पडून चालत नाही. मिठागर बंद पडलं आणि मामा आमच्या मैदानावर तात्पुरते म्हणून लागले. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते तात्पुरते होते आणि शेवटपर्यंत तात्पुरतेच राहिले. पण जमीन कशी करायची हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पावसाळा संपला की महिनाभर ते मैदान तुडवत. आम्ही बाल्कनीतून चहा पिता पिता बघायचो आणि एकमेकांना सांगायचो, म्हाताऱ्याला दुसरं काम नाही.

आम्ही म्हणजे वसई पूर्वेच्या पाच सोसायट्यांमधले लोक. कोणी साताऱ्याचा, कोणी रत्नागिरीचा, कोणी गिरगावातली खोली विकून आलेला. एव्हरशाईन सिटीत जागा घेणं जमलं नाही म्हणून थोडं पुढे सरकलेले. आमच्या पाच इमारतींच्या मधोमध हे मैदान होतं. आमच्या दृष्टीने ते मैदान नव्हतंच, खिडकीतून दिसणारी लाल माती होती, जी वाऱ्याने उडून घरात येई आणि बायकांना दिवसातून दोनदा फरशी पुसायला लावी.

मैदानाचे तास मामांनी वाटून दिले होते. त्याचा कुठे कागद नव्हता. सकाळी म्हातारी माणसं, मग दुपारपर्यंत मातीला पाणी मारणं, रविवारी क्रिकेटवाले. रोज साडेचार ते साडेसहा मात्र फक्त मुलींचा खो-खो. त्या वेळात बॅट घेऊन कोणी आलं तर मामा फाटकातच उभे राहत. "तुमाला गल्ली हाय, गच्ची हाय, रस्ता हाय. पोरींना एवढंच हाय." पापडीच्या ग्रेटा टीचर त्यांच्या शाळेच्या मुली घेऊन रिक्षांतून येत, आणि आमच्या इमारतींतल्या मुली त्यांना सामील होत. त्यात माझी मुक्ता होती. खांबाशी सूर मारून गडी बाद करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सूर मारला की ती छातीवर पडून हातभर घसरत जाई, आणि उठे तेव्हा अंगावर एक ओरखडा नसे. मला वाटायचं, माझी मुलगी चपळ आहे. मामांना माहीत होतं की माती चांगली आहे.

एकदा एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी मैदान हवं होतं. मंडप म्हणजे चाळीस-पन्नास खड्डे, खड्डे म्हणजे मुलींचा हंगाम गेला. मांडववाला आदल्या दिवशी सकाळी बांबू घेऊन आला तेव्हा मैदानात घोटाभर चिखल होता आणि मामा नळी धरून शांतपणे पाणी सोडत होते. बांबू रोवला की कलंडायचा. कार्यकर्ते अंगावर धावून आले, आईबहीण निघाली. मामा म्हणाले, "मी काय करू? आज पानी सोडायची पाळी होती." वाढदिवस शेवटी रस्त्यावर साजरा झाला. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस साधा आहे, पण बावळट नाही.

मामांचं मागणं एकच होतं. दर वर्षी वाऱ्या-पावसाने माती झिजते, ती भरून काढायला एक गाडी लाल माती. त्यासाठी ते पालिकेच्या कचेरीत खेटे घालत. साहेब विचारत, "एवढंच?" आणि अर्ज खाली ठेवत. मी सरकारी नसलो तरी आयुष्यभर कचेरीतच बसलेला माणूस, त्यामुळे मला ते कळायचं. एक गाडी माती मंजूर करायला कुणाला हुरूप येत नाही. तिची फीत कापता येत नाही, तिच्यावर नाव कोरता येत नाही, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा लागते.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं माझ्यामुळे झालं. मुंबईतल्या माझ्या ऑफिसात पत्र लिहावं तर मीच, असा माझा लौकिक होता. "उपरोक्त विषयास अनुसरून" म्हटलं की माझ्या अंगात वारं शिरायचं. पाच सोसायट्यांनी मिळून मला सेक्रेटरी केलं ते याच गुणावर. एका बैठकीत मैदानाचा विषय निघाला. धूळ फार, बसायला बाक नाही, फिरायला वाट नाही, आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये किती छान बागा झाल्यात, अशी तक्रार सगळ्यांची. मी म्हटलं, लिहितो. दोन रात्री बसून मी पत्र लिहिलं आणि माझ्याच पत्राच्या प्रेमात पडलो.

मामांना कुणकुण लागली होती. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले. मी आत या म्हटलं तर पायाला माती आहे म्हणून उंबऱ्यातच बसले. "भाऊ, तुमी लिवलंय म्हनतात. वाचा की." मी चष्मा लावला आणि घसा साफ करून वाचलं. "तरी सदर मैदानाचा सर्वांगीण विकास व सुशोभीकरण होऊन परिसरातील आबालवृद्ध नागरिकांस त्याचा लाभ व्हावा, ही नम्र विनंती." मामा मन लावून ऐकत होते. मी थांबलो तसे म्हणाले, "लय चांगलं लिवलंय. पन यात माती कुठं हाय?"

मी हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं. "मामा, सर्वांगीण म्हटलं की त्यात माती आलीच."

"येईल ना?"

"येणारच. नुसती माती मागितली तर कोणी ढुंकून बघत नाही. मोठं मागायचं असतं."

त्यांनी मान डोलावली. शिकलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर त्यांना पटलं. जाताना ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, औंदा पोरींना नवीन माती."

इतक्या वर्षांत मामांच्या अर्जाला जी दाद मिळाली नव्हती ती माझ्या पत्राला चार महिन्यांत मिळाली. नारळ फुटला, मैदानाभोवती पत्रे ठोकले गेले, "काम चालू" असा फलक लागला. काम दोन हंगाम चाललं. पत्र्यांच्या फटीतून मामा रोज आत बघायचे. पहिल्यांदा जेसीबीने वरची लाल माती खरवडून गाडीत भरली तेव्हा ते धावत माझ्याकडे आले. "भाऊ, ते माती नेतात!" मी म्हटलं, "जुनी नेत असतील, नवी घालायला." हे मी थाप म्हणून सांगितलं नाही, माझा तसाच विश्वास होता. तेवढीच काय ती माझ्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

उद्घाटनाला मला व्यासपीठावर बसवलं. सातत्यपूर्ण पाठपुराव्याबद्दल शाल आणि श्रीफळ दिलं. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. मैदान नव्हतंच आता, बाग होती. कडेने सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट, मध्ये हिरवळ, आळंब्यांच्या आकाराचे बाक, रंगीत कारंजं, "आय लव्ह" म्हणणारा दिव्यांचा फलक. खो-खोचा एक खांब होता तिथे सिमेंटचं हरीण बसवलं होतं. दुसरा खांब होता तिथे नियमांचा फलक, आणि त्यावर पहिला नियम: येथे खेळण्यास सक्त मनाई आहे. आणि फाटकाशी मामा उभे होते. निळा गणवेश, पायात काळे बूट, गळ्यात शिटी. बागेची देखभाल एका ठेकेदाराकडे गेली होती आणि त्याने मामांना ठेवून घेतलं होतं. काम एवढंच, की कोणी खेळायला लागलं की शिटी वाजवायची. मी शाल सावरत त्यांच्यासमोर आलो. ते म्हणाले, "नमस्कार साहेब." तोपर्यंत मी त्यांचा भाऊ होतो.

ग्रेटा टीचर महिन्याभराने भेटल्या. त्यांच्या शाळेला अंगण होतं ते फरसबंद. तिथे सूर मारला तर गुडघ्याची सालं निघत, म्हणून मुली सूर मारायच्या थांबल्या, आणि मग यायच्याच थांबल्या. टीचर बाई फार गोड बोलणाऱ्या. म्हणाल्या, "तुमचं पत्र वाचलं हो मी कचेरीत. किती सुंदर मराठी!" त्यापेक्षा चार लोकांत माझ्या श्रीमुखात भडकावली असती तर परवडलं असतं. मुक्ताने एकदाच विचारलं, "बाबा, तुम्ही कशाला लिहिलंत?" नंतर तिने तो विषय काढला नाही, आणि खो-खोचाही नाही.

मामांनी शिटी कधी वाजवली नाही. मुलं पळापळी खेळायला लागली की ते त्यांच्या जवळ जाऊन उभे राहत आणि हळू आवाजात सांगत, "साहेब आला तर पळा हां." बूट मात्र घालावेच लागत. पायांना काही कळेनासं झालंय, असं ते एकदा माझ्या बायकोला म्हणाले. माझ्याशी ते फार बोलत नसत. बोलले तरी साहेब म्हणून, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला भांडता तरी आलं असतं.

मग तो रविवार आला. मी सकाळी बाल्कनीत आलो आणि हातातला कप तसाच राहिला. हिरवळीवर पांढऱ्याशुभ्र रेघा आखलेल्या होत्या. मधली पाटी, आडव्या पाट्या, सगळं मापात, सुतळी लावून. एका टोकाचा खांब म्हणून हरीण, दुसऱ्या टोकाचा म्हणून नियमांचा फलक. मामांनी बूट काढून फाटकाशी भिंतीला टेकवून ठेवले होते. ग्रेटा टीचर रविवारची मिस्सा आटोपून, तशाच चर्चच्या साडीत, जुन्या मुली गोळा करून आल्या होत्या. मुक्ता कधी खाली गेली मला कळलंही नाही. दोन तास त्या खेळल्या. "खो!" हा आवाज पाच इमारतींच्या भिंतींवर आपटून वर येत होता. मुक्ताने हरणाच्या पायाशी सूर मारला, तशी मामांनी शिटी वाजवली. बागेत त्यांनी वाजवलेली ती एकच शिटी, गडी बाद झाल्याची.

दुपारपर्यंत माझ्या फोनवर तक्रारींचा पाऊस पडला. हिरवळ तुडवली, फक्कीने गवत जळणार, फलकाला धक्का लागला, हरणाचा कान तुटला. सकाळी फिरणारे, संध्याकाळी बसणारे, फोटो काढणारे सगळे एका सुरात. बैठक बसली, पत्र द्यायचं ठरलं, आणि पत्र लिहायचं म्हणजे अर्थातच मी. मी सेक्रेटरीपद सोडू शकलो असतो. लिहिणार नाही असं म्हणू शकलो असतो. मी काय केलं, तर शब्द मऊ निवडले. "संबंधित कर्मचाऱ्यास योग्य ती समज द्यावी." मला वाटलं, मी मामांना वाचवलं. साहेब बोलावतील, दोन शब्द सुनावतील, संपलं. खाली सही केली. तिसऱ्या दिवशी फाटकाशी दुसराच माणूस उभा होता. ठेकेदाराने समज दिली होती ती अशी.

मामांना भेटायला जायला मला सहा महिने लागले. कामं होती असं मी स्वतःला सांगत होतो, खरं म्हणजे तोंड नव्हतं. शेवटी एका रविवारी विरारहून आगाशीची बस धरली, बाजाराशी उतरलो आणि विचारत विचारत खाडीकाठच्या त्यांच्या गावात गेलो. घरी म्हातारी म्हणाली, "शाळेकडे असतील." गावच्या शाळेमागे खाचखळग्यांची एक जागा होती. मामा तिथे अनवाणी, ओळी धरून चालत होते. खिसा काचांनी फुगलेला होता. मी फाटक शोधलं, तर फाटक नव्हतं. मी बूट काढले. का काढले, माहीत नाही.

मी बरंच काही ठरवून गेलो होतो. तोंडातून एवढंच निघालं, "मामा, मी समज द्या असं लिहिलं होतं. काढा असं नव्हतं लिहिलं."

मामा खाली बघतच चालत राहिले. "तुमी लिवता चांगलं, भाऊ," ते म्हणाले. "वाचनारा काय वाचंल, ते तुमच्या ध्यानात येत नाय." मग थांबून, वाकून एक खडा उचलला. "इथल्या पोरी चपळ हायत. जमीन खराब हाय पन. खाऱ्या वाऱ्यानं माती धरत नाय." थोड्या वेळाने म्हणाले, "एक पत्र लिवून द्या."

मी नाही म्हटलं. हात जोडले. म्हटलं, मामा, माझ्या हाताने नको. पण ते ऐकेनात. त्यांनी शेजारच्या घरातून वहीचा कागद आणला. "मी सांगतो तेवढंच लिवा. शाळेमागच्या मैदानाला एक गाडी लाल माती पाहिजे. पुढं काय नको, मागं काय नको." मी तेवढंच लिहिलं. कचेरीतल्या इतक्या वर्षांत मी लिहिलेलं ते सर्वांत लहान पत्र. त्यांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. "यात दुसरं काय येत नाय ना?"

"नाही मामा. यात फक्त माती आहे."

"मग करा सही," ते म्हणाले. उत्तर शहरात लवकर पोचतं म्हणून पत्ता माझा घातला.

उत्तर गेल्या आठवड्यात आलं. पत्राला उत्तर आलं याचाच मला आधी आनंद झाला, इतका मी अजून मूर्ख आहे. उभ्या उभ्याच पाकीट फोडलं, वाचलं आणि पत्र पुन्हा पाकिटात घातलं. दोन दिवस ते पाकीट खिशात घेऊन फिरलो. तिसऱ्या दिवशी मामांचाच फोन आला, शाळेतल्या मास्तरांच्या फोनवरून. मागे मुलींचा कालवा ऐकू येत होता.

"भाऊ, आलं का काय?"

"आलंय, मामा."

"काय म्हनतात? वाचा की. तुमी वाचता चांगलं."

मी चष्मा लावला. घसा साफ करायचं धैर्य झालं नाही. "आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, सदर मैदानाच्या सर्वांगीण विकासाचा व सुशोभीकरणाचा प्रस्ताव तयार करण्यात येत असून, लवकरच प्रत्यक्ष जागेची पाहणी करण्यात येईल."

पलीकडे मुलींचा कालवा चालूच होता. मग मामांनी विचारलं, "भाऊ, यात माती कुठं हाय?"